वाचकांचे प्रश्न : सोनपितळ नेमके कोणते?

प्रश्न : बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १:१५ मध्ये ख्रिस्ताचे पाय भट्टीतल्या सोनपितळासारखे असल्याचे वाचतो. इंग्रजी आवृत्त्यांत कुठे ब्रास, कुठे ब्राँझ. इतवारीत भांडी घ्यायला गेलो तर पितळ वेगळे, कासे वेगळे. मग इथे नक्की कोणता धातू? – एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : मूळ ग्रीक शब्द ‘खाल्कोलिबानोन’. नव्या करारात तो दोनदाच येतो, प्रकटीकरणातच, १:१५ आणि २:१८ मध्ये. त्याआधीच्या ग्रीक लेखनात तो सापडत नाही, त्यामुळे दुसऱ्या वाक्याशी ताडून अर्थ ठरवायची सोय नाही.

पूर्वपद ‘खाल्कोस’ म्हणजे तांबे, आणि तांब्याचा कोणताही मिश्रधातूसुद्धा: जस्त मिसळले की पितळ (ब्रास), कथील मिसळले की कासे (ब्राँझ). खरा घोटाळा इथलाच. ग्रीकांना कासे आणि तांबे यांसाठी हा एकच शब्द पुरत असे. मत्तय १०:९ मध्ये तर तो कमरपट्ट्यातली चिल्लर नाणी होतो. उत्तरपद ‘लिबानोस’ म्हणजे ऊद, मत्तय २:११ मध्ये ज्ञानी लोकांनी आणलेला तोच. किंवा लबानोन पर्वत. यावरून लबानोनचे तांबे, उदाच्या रंगाचे तांबे, असे तर्क निघाले. दहाव्या शतकातला एक बायझंटाईन कोश त्याला सोन्याहून मोलाचे इलेक्ट्रम (सोन्या-चांदीचे मिश्रण) म्हणतो. लॅटिन बायबलने ‘ऑरिकाल्कुम’, म्हणजे सोनेरी पितळ, हा शब्द घेतला. आपले ‘सोनपितळ’ त्याच्याच जवळचे आहे.

आम्हाला पटते ते जस्त मिसळलेले उंची पितळ. कारण २:१८ हे थुवतीरा इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचे पहिले वचन आहे. ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले अखिसार. तिथल्या शिलालेखांत रंगारी, चांभार, कुंभार यांच्याबरोबर तांबटांच्या संघाचाही उल्लेख आहे. जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया इथलीच (प्रेषितांची कृत्ये १६:१४). हा शब्द तिथल्या कारागिरांच्या बोलीतला असावा, असे कॉलिन हेमर या अभ्यासकाने सुचवले. पुरावा थेट नाही, पण एवढा अनोळखी शब्द नेमका त्याच गावाच्या पत्रात पुन्हा यावा, याचे याहून सरळ उत्तर दिसत नाही.

त्या काळी पितळ कसे होई हे कळले की सोनेरी रंगाचे कारण कळते. भंडाऱ्याच्या पितळाच्या भांड्यांमुळे आपल्याकडे जस्त ही बाजारात मिळणारी वस्तू वाटते. पण रोमन जगात शुद्ध जस्त वेगळे काढून वापरत नसत. ते ९०७ अंशांना उकळते आणि वाफ हवेत जळून पांढरी भुकटी होते. म्हणून जस्ताचे खनिज, कोळशाचा चुरा आणि तांब्याचे बारीक तुकडे झाकणबंद मुशीत घालून साधारण ९५० ते १००० अंशांवर तापवत. कोळशामुळे खनिजातले जस्त सुटे, त्याची वाफ घट्ट तांब्यात मुरे. झाकण गळले तर जस्त निसटून जाई. ताप तांब्याच्या वितळबिंदूच्या (१०८५ अंश) दिशेने लवकर चढला तर तुकडे वितळून मुशीच्या तळाशी एक गोळा होई. मग वाफेला शिरायला पृष्ठभाग उरत नसे आणि माल तांबूसच राही. नीट जमले तर जस्त २८ टक्क्यांच्या आसपास जाई. १५ ते २० टक्क्यांना रंग सोन्यासारखा दिसतो. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून रोमची सेस्टर्टियस आणि दुपोंडियस ही नाणी याच धातूची पडत.

दानीएल १०:६ आणि यहेज्केल १:७ इथेही पाय असेच चकाकतात. तिथे हिब्रू शब्द ‘नेहोशेत कालाल’, घासून उजळलेले तांबे किंवा कासे. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या डोळ्यांपुढे ही वचने आहेत. त्याने धातूचे नाव मात्र बदलले. स्वतः शोधायचे असेल तर बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या कोशात खाल्कोलिबानोन ५४७४, खाल्कोस ५४७५, आणि हिब्रू नेहोशेत ५१७८ या क्रमांकांवर पाहा.

प्रश्न : मग मोशेचा पितळी साप पितळाचाच का? – हाच वाचक

उत्तर : नाही. गणना २१:९ मधला नेहोशेत म्हणजे तांबे किंवा कासे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराच्या काळी ‘ब्रास’ हा शब्द तांब्याच्या सगळ्याच मिश्रणांना चाले. भाषांतरांत पितळ पसरले ते तिथूनही. ‘अनुवाद’ या पुस्तकात ८:९ मध्ये डोंगरातून नेहोशेत खणायचे आहे. मिश्रधातू कुणी खणून काढत नाही, म्हणजे तिथे तांबेच. मोशेच्या काळातल्या पितळी वेदीसाठी कासे हा शब्द जास्त बरोबर ठरेल.

प्रश्न : १ करिंथ १३:१ मध्ये वाजणारे पितळ आहे. पितळ तर इतके वाजत नाही? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : शंका रास्त आहे. शब्द साधा ‘खाल्कोस’च, इथे कासे मानावे. साधारण ७८ भाग तांबे, २२ भाग कथील या प्रमाणाचे कासे टणक असते आणि ठोकल्यावर नाद लांबतो. आपल्या झांजा याच कुळातल्या. पितळाचा आवाज लवकर बसतो. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने झांजेसाठी ‘किंबालोन’ हा वेगळा शब्द पुढेच वापरला आहे, तेव्हा पहिली वस्तू झांज नसून घंटा किंवा घुमणारे पात्र असावे. नाटकगृहात आवाज घुमवायला कांस्यपात्रे बसवत, असे रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस लिहितो, आणि काही अभ्यासक इथे तीच सुचवतात. विट्रुव्हियसने सांगितलेले त्यांचे ग्रीक नाव ‘एखेया’, आणि पौलाचे ‘वाजणारे’ म्हणजे ‘एखोन’. दोन्हींचा धातू एकच, पण आता व्याकरणातला.