कामगार कायदा : मालकांच्या शंका

यंदाच्याही निम्म्या शंका ‘ग्रुपवर वाचलं’ इथूनच सुरू होतात. म्हणून पुन्हा.

प्रोबेशन संपेपर्यंत पीएफ कापला नाही तर चालेल?
नाही. पात्र माणसाचा पीएफ पहिल्या दिवसापासून.

मुलं मध्येच सोडून जातात, म्हणून मूळ मार्कशीट ठेवून घेतो.
आजच परत करा.

आम्ही २६ जण. एका एजन्सीने सुचवलं, बारा जणांना ‘कन्सल्टंट’ दाखवा, टीडीएस कापा, पीएफचा प्रश्नच मिटतो. करावं का?
हा सल्ला फी घेऊन विकतात आणि नोटीस आली की विकणारा फोन उचलत नाही. टीडीएस कशाखाली कापला यावरून माणूस कर्मचारी की नाही हे ठरत नाही. तपासणीला आलेला अधिकारी कराराचं शीर्षक वाचून परत जात नाही, हजेरी मागतो. तुम्हीच लिहिलंय : साडेनऊचं पंचिंग, रजेचा अर्ज मॅनेजरकडे, बाहेरचं काम घ्यायला बंदी, आणि दरमहा एकाच रकमेचं ‘बिल’, तेही तुमच्याच अकाउंट्सवाल्यांनी टाइप केलेलं! काम कसं करायचं हे कोण ठरवतं, माणूस तुमच्या धंद्याचा भाग आहे की स्वतःचा धंदा करतो, हे न्यायालयं बघतात. अंगाशी आलं तर मागचे हिस्से, त्यावर वार्षिक १२ टक्के व्याज, शिवाय दंडवजा भरपाई. आणि तेव्हा न कापलेला कर्मचाऱ्याचा हिस्सा आता त्याच्या पगारातून वळता करता येत नाही, तोही तुमच्याच खिशातून. चार ठिकाणी काम करणारे खरे कन्सल्टंट असतात. तुमचे बारा त्यातले वाटत नाहीत. करार, हजेरी आणि बिलं घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. नोटिशीआधी.

राजीनामा दिलेल्याचा हिशेब ४५ दिवसांनी करतो. सगळेच करतात.
सगळ्यांचं सगळ्यांपाशी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा असो वा बडतर्फी, वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवसांची. त्यातले वाद असतील तर सल्ला घ्या, पगार अडकवू नका.

गरोदर असल्याचं कळवलेल्या कर्मचारी बाईंच्या कामात चुका होतात. काढावं का?
वकिलाला विचारल्याशिवाय मुळीच नाही. प्रसूती रजेवर असताना काढणं बेकायदा आहे, आणि गरोदरपणात काढलं म्हणून लाभ बुडत नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा द्यावीच लागते. वकिलाकडे जाताना त्या चुकांबद्दलची, गरोदरपणाची ‘बातमी’ कळण्याआधीच्या तारखेची एक तरी ईमेल सापडते का, ते बघा.