आईच्या आयुर्विम्याचा क्लेम ‘बीपी लपवलं’ म्हणून नाकारला, पॉलिसी अडीच वर्षांची होती. एजंट म्हणतो, भरलेले हप्ते परत घ्या आणि विषय संपवा. काय करू?

एजंट घरी येऊन चहा पीत असला तरी तो तुमचा माणूस नाही. विमा कायद्याच्या कलम 45 मध्येच लिहिलंय की करार ठरवताना पॉलिसी विकणारा हा कंपनीचा एजंट धरायचा. हे मी आमच्या नातेवाइकांना ओरडून ओरडून सांगितलं.

भाऊजींची पॉलिसी त्यांच्या सख्ख्या मामेभावाने काढली होती. भाऊजी गेले आणि पत्र आलं, ‘मधुमेह लपवला’. सगळे भाऊजींवरच घसरले. खरं सांगायला काय झालं होतं म्हणे! ताईने ते बोलणं मान खाली घालून ऐकलं. मी शाखेत अर्ज देऊन प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मची, प्रत मिळवली. अख्खा फॉर्म इंग्रजीत, आजारांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नो’, सगळं मामेभावाच्या तिरक्या अक्षरात. खाली भाऊजींची मराठी सही. ‘मजकूर समजावून सांगितला’ या निवेदनावरही सही मामेभावाचीच. आणि भाऊजींनी बिनसाखरेचा चहा मागितला की ‘आला साखर कारखाना’ म्हणून चिडवणारा हाच! त्याला शुगर माहीत नव्हती?

कंपनीच्या तक्रार विभागाने हात झटकल्यावर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात. सुनावणीत कंपनीच्या माणसाला एकच विचारलं गेलं: शुगर कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती का? तो म्हणाला, एक्स्ट्रा प्रीमियम लावला असता. झालं. कारण कलम 45 च्या 2015 मधल्या दुरुस्तीनंतर, खरं कळलं असतं तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. बीपीवाल्यांना तर सर्रास पॉलिसी मिळतात. तुमचा मुद्दा हाच.

ताईला पूर्ण रक्कम मिळाली. मामेभाऊ आजही लग्नकार्यात सांगतो की क्लेम त्यानेच ‘बसवून’ दिला. त्याच्या तोंडावर फॉर्मची झेरॉक्स धरली तेव्हा म्हणाला, ‘अरे, सगळेच तसं भरतात.’ भाऊजींना खोटारडं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ताईची माफी मागितलेली नाही.

तुमच्याकडे वळतो. पॉलिसीला 3 वर्षं झाली असती तर कंपनीला कुठल्याही कारणाने बोट ठेवता आलं नसतं. तुमची त्याच्या आतली, म्हणून भांडावं लागेल. मध्ये बंद पडून रिव्हाइव्ह (पुन्हा चालू) केली असेल तर ती 3 वर्षं तिथून पुन्हा मोजतात. आणि आई आधी हृदयासाठी वगैरे ॲडमिट होती, स्वतः फॉर्म भरला होता, असं असेल तर वरचं सगळं इतकं सोपं नाही. ग्राहक आयोगाचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने तिथेही नकार दिला की लोकपालांकडे जायला एक वर्ष असतं.

हप्ते परत घेताना ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही मात्र करू नका. फॉर्मची प्रत एजंटमार्फत मागू नका. स्वतः शाखेत अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.