काल्पनिक जादूगाराच्या अभ्यासिकेत कवटी, वाळूचं घड्याळ, घुबड वगैरे वस्तू कशाचं प्रतीक असतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही कथा लिहिताय, म्हाताऱ्या जादूगाराची खोली उभी करायचीय आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचा अर्थ अशी यादी हवीय. यादी देते, दोन मिनिटांचं काम आहे. कवटी म्हणजे मरण, वाळूचं घड्याळ म्हणजे सरत चाललेला वेळ, घुबड म्हणजे शहाणपण, स्फटिकाचा गोळा म्हणजे भविष्य, मेणबत्ती म्हणजे आयुष्य, जाडजूड पुस्तकं म्हणजे ज्ञान. झालं. आता ही यादी फाडून टाका, कारण याच यादीपायी माझं एका माणसाशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

कॉलेजनंतर काही वर्षं मी एका हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, बघायचे. एकांकिका होती एका जादूगाराची, सगळी त्याच्या अभ्यासिकेत घडणारी, पात्रं दोनच, तो आणि त्याचा नोकर. दिग्दर्शकानं पहिल्याच तालमीला माझ्या हातात एक कागद ठेवला, त्यावर अगदी तुमच्यासारखीच यादी, कवटी (मृत्यू), घुबड (ज्ञान), घड्याळ (काळ), कंसासकट. मी विचारलं यातलं जादूगार वापरतो काय काय? तर म्हणे वापरायचं कशाला, हे सिम्बॉलिक आहे, प्रेक्षकाला दिसलं की पोचलं. मी म्हटलं अरे टेबलावर नुसती ठेवलेली कवटी आणि जिच्या डोळ्यांच्या खोबणीत त्यानं बोरू खोचून ठेवलेत ती कवटी यात फरक आहे, पहिली मरणाची आहे, दुसरी त्या माणसाची आहे. त्यावर सगळ्यांसमोर उत्तर आलं, "तू वस्तू आण, अर्थ मी बघतो." हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

घड्याळ मी स्वतः बनवलं. गोल बुडाच्या दोन छोट्या काचेच्या बाटल्या तोंडाला तोंड लावून, मध्ये पातळ पत्र्याची चकती, चकतीला दाभणानं पाडलेलं भोक, बाहेरून एपॉक्सी आणि त्यावर घट्ट गुंडाळलेली सुतळी. (सुतळी उगीच नव्हती, खरी जुनी घड्याळंही अशीच असायची, दोन वेगळे काचेचे फुगे मेणानं आणि दोऱ्यानं जोडलेले, एकसंध काचेची फार नंतर आली.) वाळूनं मात्र जीव खाल्ला. साधी वाळू चाळून घेतली तरी कण वेडेवाकडे असतात, भोकात एकमेकांना धरून बसतात, म्हणून जुने कारागीर अंड्याच्या टरफलाची पूड नाहीतर संगमरवराची भुकटी घालायचे. तेवढा उद्योग करायला माझ्याकडे वेळ नव्हता. तीन वेळा चाळली, तव्यावर भाजून कोरडी केली, भोक दोनदा मोठं केलं आणि शेवटी बरोबर चार मिनिटं दहा सेकंद जमले.

चार दहाच का, तर नोकराचं मोठं स्वगत तेवढं होतं. माझं म्हणणं असं की जादूगारानं घड्याळ उलटं करायचं आणि नोकराला म्हणायचं, बोल. वाळू संपली की तुझं बोलणं संपलं. म्हणजे काळबीळ काही नाही, सत्ता. मालकाचा वेळ मालकाचा आणि नोकराचाही वेळ मालकाचाच. दिग्दर्शक म्हणाला फार क्लिष्ट होतंय, कोपऱ्यातल्या लेव्हलवर (उंचवट्यावर) ठेव, वरून अंबर स्पॉट, म्हणजे पिवळसर प्रकाशझोत, मारू.

स्पर्धेच्या दिवशी हवा भयंकर दमट होती आणि सेट लागेपर्यंत घड्याळ दुपारभर विंगेत तसंच पडून होतं. जादूगार करणाऱ्या मुलाला माझी आयडिया आवडलेली होती, त्यानं कुणालाच न सांगता ऐन प्रयोगात कोपऱ्यात जाऊन घड्याळ उचललं, टेबलावर आणून उलटं केलं आणि नोकराकडे बघितलं. मी विंगेत श्वास धरून. वाळूची बारीक धार पडली, बोटाच्या पेराएवढा ढीग झाला आणि धार बंद. तो बघतोय. नखानं टकटक केलं. काही नाही. परत टकटक. नोकर आपला बोलतोय, बोलतोय, जादूगाराकडे त्याला थांबवायला काहीच उरलेलं नाही, हातात नुसतं अडकलेलं घड्याळ. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

परीक्षक नंतर बोलताना म्हणाले की थांबलेल्या वाळूतून मृत्यूला नकार देणारा जादूगार फार सूचकपणे उभा राहिला. दिग्दर्शनाचं बक्षीस. आणि हा माणूस माइकवर जाऊन काय म्हणाला, तर थांबलेला काळ ही माझी मूळ संकल्पना होती! मी तेव्हा मागे वायरी गुंडाळत होते. बरं परीक्षकही चुकलेच होते असं माझं आजही मत आहे, तिथे मृत्यू कुठे होता, तिथे एक नोकर पहिल्यांदा मन मोकळं होईपर्यंत बोलला होता.

त्यानंतर मी हट्टानं वाचत सुटले, निव्वळ आपलं खरं होतं हे सिद्ध करायला. आणि सापडलं. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररची तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली तीन चित्रं आहेत, एक १५१३ चं, दोन १५१४ ची, तिन्हीत वाळूचं घड्याळ आहे. पहिल्यात घोड्यावरून चाललेल्या योद्ध्यासमोर खुद्द मृत्यू ते घड्याळ धरून दाखवतोय, म्हणजे धमकी. दुसऱ्यात संत जेरोम आपल्या अभ्यासिकेत लिहीत बसलाय, घड्याळ मागच्या भिंतीवर, खिडकीत कवटी पण आहे, खाली सिंह आणि कुत्रा पेंगतायत, आणि त्या सगळ्या खोलीत इतकी शांतता आहे की घड्याळ म्हणजे नुसती कामाची शिस्त वाटते. तिसऱ्यात पंखवाली एक बाई गालाला हात लावून सुन्न बसलीय, हत्यारं पायाशी पडलेली, डोक्यावर घड्याळ, शेजारी आकड्यांचा तो प्रसिद्ध जादूचा चौरस, आडवा, उभा, तिरका कसाही मोजा, बेरीज ३४, खालच्या ओळीत मधोमध १५ आणि १४ म्हणजे चित्राचं साल. हिला काळाची भीती नाही, हिला काळाचं काय करायचं तेच कळत नाहीये. एकच चित्रकार, एकच वस्तू, फार तर दोन वर्षांचं अंतर. आता सांगा यादीत घड्याळासमोर काय लिहिणार? त्याच्याही आधी, १३३८ च्या सुमाराला, इटलीतल्या सिएनाच्या भित्तिचित्रात लोरेन्झेत्ती या चित्रकारानं वाळूचं घड्याळ दिलंय ते संयम या गुणाचं रूप म्हणून काढलेल्या बाईच्या हातात. मरणाचा तिथे पत्ताच नाही.

घुबडाचं तेच. अथेन्सच्या नाण्यावर ते अथेना देवीचं, म्हणजे शहाणं. आणि डच लोकांची म्हण काय, तर घुबडाला बघायचंच नसेल तर मेणबत्ती आणि चष्मा असून काय उपयोग! म्हणजे तुमच्या खोलीतल्या घुबडासमोर चष्मा आणि पेटती मेणबत्ती ठेवली की तुमचा ज्ञानी जादूगार एका फटक्यात गाढव ठरतो. तुम्हाला ते हवं असेल तर उत्तम, नकळत झालं तर पंचाईत.

छताला टांगलेली सुकवलेली मगर लोक जादूगाराच्या खोलीत हमखास घालतात. ती आली औषध विकणाऱ्यांच्या आणि संग्राहकांच्या खोल्यांतून. नेपल्सच्या फेरांते इम्पेरातोनं १५९९ मध्ये आपल्या संग्रहाचं चित्र छापलं त्यात छतावर भलीमोठी मगर पसरलीय. गूढ अर्थ शोधणारे शोधोत, मला तर वाटतं एवढं धूड फळीवर मावत नाही म्हणून वर गेलं, आणि आलेला माणूस आ वासून वर बघतो हा बोनस.

स्फटिकाच्या गोळ्याबद्दल मात्र मी तुम्हाला खरंच कामाची गोष्ट देते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन डी नावाचा गणिती होता, त्याला देवदूतांशी बोलायचं होतं. त्याचा म्हणून ओळखला जाणारा काळ्या ज्वालाकाचेचा (ज्वालामुखीतून बनणाऱ्या काचेचा) आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि २०२१ मध्ये तपासणीत पक्कं झालं की ती काच मेक्सिकोतली. म्हणजे मुळात तिथल्या जुन्या अॅझ्टेक लोकांची वस्तू, त्यांच्या एका देवाचं नावच धुरकट आरसा असं होतं. तिकडे देवाचा आरसा, इकडे देवदूतांची खिडकी, आता काचेच्या कपाटात. पण खरी गंमत पुढे आहे. डीला स्वतःला स्फटिकात काही दिसायचं नाही! बघायचा एडवर्ड केली नावाचा त्याचा मदतनीस, आणि डी शेजारी बसून तो सांगेल ते लिहून घ्यायचा. विचार करा, खोली जादूगाराची, गोळा जादूगाराचा आणि बघता येतं फक्त नोकराला. यापुढे भविष्याचं प्रतीक वगैरे किती पाणचट वाटतं. (हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या तालमीत काय काय बोलले असते!)

आणि वास. कथांमधल्या अभ्यासिकांना वासच नसतो. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांडनं १६६९ मध्ये फॉस्फरस शोधला तो परीस मिळवायच्या नादात ढिगानं मूत्र आटवून. अंधारात चमकणारा तो पदार्थ बघून त्याला काय वाटलं असेल ते असो, पण त्या खोलीत पाहुणा पाच मिनिटं थांबला नसता. तुमच्या जादूगाराकडे पाहुणे येत नाहीत हे सांगायला कवटी लागत नाही, चार घागरी पुरतात.

आता थोडं त्या बाजूनंही बोलते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी येईलच. यादी अगदीच टाकाऊ नाही. सतराव्या शतकातले डच चित्रकार कवटी, नुकतीच विझलेली वात, कलंडलेला पेला असं मांडायचे तेव्हा बघणाऱ्यालाही ती भाषा येत होती, सगळं व्यर्थ आहे हे सांगायला तेवढं पुरायचं. विनोदी कथा असेल तर सगळ्या वस्तू एकदम कोंबा, मजा येते. आणि हो, दिग्दर्शकाचा एक मुद्दा बरोबर होता, शेवटच्या रांगेतून कवटीत खोचलेले बोरू कुणालाही दिसले नसते. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. तुमच्या कथेला शेवटची रांग नाही, वाचणाऱ्याचं नाक तुम्ही टेबलाला टेकवू शकता, तेव्हा तुम्हाला ती सबब नाही. वस्तू दोन-तीनच घ्या, कुठली रोज हाताळून गुळगुळीत झालीय आणि कुठलीवर धूळ आहे ते ठरवा, आणि खोली कोण झाडतं ते तर नक्कीच ठरवा.

घड्याळ अजून माझ्याकडे आहे. कोरड्या दिवसांत चार मिनिटं दहा सेकंद, हवा दमट झाली की अडकतं. दोन वर्षांपूर्वी त्या माणसाचा मेसेज आला, तीच एकांकिका परत करतोय, ते घड्याळ आहे का गं तुझ्याकडे? मी विचारलं, आहे, पण या वेळी ते उलटं कोण करणार? म्हणाला अजून ठरलं नाही. मी लिहिलं ठरलं की सांग. दोन्ही टिक निळ्या झाल्या, उत्तर अजून यायचंय.