सप्तर्षी दिसतात, ध्रुव सापडत नाही

प्रश्न : सप्तर्षी ओळखता येतात, पण ध्रुवतारा नेमका कोणता ते कळत नाही. सप्तर्षी मावळल्यावर तो कसा शोधावा?

उत्तर : ठळक तारा शोधता, तिथेच घोटाळा होतो. ध्रुव दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे सप्तर्षींतल्या ताऱ्यांइतकाच, फार झगमगीत नाही. सप्तर्षींच्या चौकोनात शेपटीपासून लांबचे दोन तारे घ्या : पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. हात ताठ धरून मूठ वळली की ती साधारण १० अंश भरते. क्रतूपासून जेमतेम तीन मुठी मोजा. (रेघ उलटी नेलीत तर सिंह राशीत पोहोचाल!)

पडताळा सोपा आहे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते, फरक एका अंशाच्या आत. २० उत्तर अक्षांशावर दोन मुठी. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावलेले नसतात, तेव्हा मोबाइल खिशातच ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतील, तर शर्मिष्ठा हा तारकासमूह पाहा. त्याच्या पाच ताऱ्यांच्या इंग्रजी ‘एम’ची उघडी बाजू ध्रुवाकडे असते, मधल्या ताऱ्यापासून तीन मुठी.