सायकल मार्ग गल्लीच्या तोंडाशी तुटतो, तिथे काय सुधारणा मागायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: घराजवळ चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मिळून एकच रुंद मार्ग झालाय, सातवीतली मुलगी त्यावरून शाळेत जाते. मार्ग चांगला आहे, पण प्रत्येक गल्लीपाशी तो रस्त्यावर उतरतो आणि तिथेच तुमच्या पोटात गोळा येतो. पालिकेकडे नेमकं काय मागायचं?

मी पुण्यात रोज सायकलने कामाला जातो, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. तुमची भीती अगदी योग्य जागी आहे. अशा मार्गावर धोका सलग लांबीत फारसा नसतो, तो असतो गल्लीच्या तोंडाशी, सोसायटीच्या गेटपाशी, पेट्रोल पंपाच्या आत-बाहेर जाण्याच्या जागी. माझा अपघात अशाच एका गल्लीपाशी झाला. गल्लीतून एक गाडी मुख्य रस्त्यावर येत होती आणि मी मार्गावरून तिच्या डाव्या बाजूने येत होतो. चालवणारे गृहस्थ उजवीकडे वळून रस्त्यावरची रहदारी बघत होते. मला त्यांचा डावा कान स्वच्छ दिसत होता, डोळे दिसत नव्हते. मोकळी जागा मिळताच त्यांनी गाडी पुढे घेतली. चाकाची रिम वाकली, गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावलं. ते बिचारे मला दवाखान्यात घेऊन गेले, वाटभर म्हणत होते, ‘अहो, तुम्ही दिसलाच नाहीत.’ ते खरंच बोलत होते.

का दिसलो नाही, हे कळलं की काय मागायचं तेही कळतं. आपल्याकडे गाडी उजवीकडून येते, म्हणून बाहेर पडणारा चालक उजवीकडेच बघतो. दोन्ही दिशांनी सायकली जातात अशा मार्गावर निम्म्या सायकली मात्र डावीकडून येतात. फिनलंडमध्ये संशोधकांनी चालकांच्या माना कुठे वळतात याचा अभ्यास केला होता. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे दिशा उलट, पण निष्कर्ष हाच: वळणारा चालक जिकडून गाडी येणार तिकडे बघतो, दुसऱ्या बाजूची सायकल त्याच्या नजरेतून सुटते.

दुसरी गोष्ट वेगाची. चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम दीड मीटर जातो, ताशी 15 किलोमीटरने जाणारी सायकल चार मीटरहून जास्त. म्हणजे तीन सेकंदांनी गाडीसमोर येणारा पादचारी आत्ता चार-पाच मीटरवर असतो आणि सायकलस्वार बारा-तेरा मीटरवर. चालकाने पदपथाचा जवळचा तुकडा मोकळा बघितला की त्याला वाटतं झालं, कुणी नाही. आणि त्या बारा मीटरमध्ये बहुतेक वेळा काय असतं? फ्लेक्स, विजेची डीपी, उसाच्या रसाची गाडी, कोपऱ्यावर लावलेली चारचाकी. सातवीतली मुलगी सायकलवर बसली तरी तिचं डोकं उभ्या चारचाकीच्या टपाच्या फार वर येत नाही.

माझ्या मते मागणी एकच असावी, बाकी सगळं तिच्या पोटात येतं. सायकलला खाली रस्त्यावर उतरवू नका, गाडीला वर मार्गावर चढवा. म्हणजे पदपथाची पातळी गल्लीच्या तोंडावरून तशीच सलग पुढे न्यायची, आणि गाडीने दोन्ही बाजूंच्या उतारावरून ती चढून-उतरून जायचं. उंची 15 सेंटिमीटर असेल तर उतार साधारण दीड मीटरचा ठेवावा, गाडीचं पोट घासत नाही. चढ आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि आपण दुसऱ्याच्या वाटेवरून जातोय हे चालकाला टायरखाली जाणवतं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला सायकल ओलांडण्या अशा उंच केल्या, तेव्हा गाड्यांचा वेग उतरला आणि त्या जागी सायकली वाढल्या.

वेगावर एवढा भर का, याचं गणित सोपं आहे. ताशी 50 च्या गाडीत चालकाला कळायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी 14 मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला जवळपास तेवढंच अंतर आणखी लागतं. ताशी 30 ला हे सगळं मिळून तेरा-चौदा मीटरमध्ये संपतं. म्हणजे 30 वाली गाडी पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी 50 वाल्याने ब्रेकवर पायही दाबलेला नसतो.

पालिकेकडून बहुतेक ठिकाणी आधी रंग मिळतो. लाल किंवा हिरवा पट्टा ओढायचा आणि फोटो काढायचा. रंगाला माझा विरोध नाही, पण नुसत्या रंगावर समाधान मानू नका. नेदरलँड्समध्ये सिग्नल नसलेल्या 540 चौकांचा अभ्यास झाला. तिथे उंच केलेल्या किंवा वेग कमी करायला लावणाऱ्या ओलांडण्यांवर अपघात कमी होते, पण लाल रंग आणि ठळक पट्टे असलेल्या ठिकाणी उलट जास्त आढळले. सायकलस्वार रंगावर विसंबून बिनधास्त होत असेल, असं मला वाटतं. शिवाय गुळगुळीत रंगावर पहिल्या पावसात सायकल सरकते हा माझा स्वतःचा अनुभव. त्याच अभ्यासात मार्ग मुख्य रस्त्यापासून दोन ते पाच मीटर आत असेल तर ओलांडणी जास्त सुरक्षित ठरली, कारण वळलेल्या गाडीला थांबायला जागा मिळते. आपल्याकडे एवढी जागा क्वचित असते. असेल तर जरूर मागा.

कोपऱ्याची गोलाईही बघा. मोठी, ऐसपैस गोलाई असली की डावीकडे वळणारा वेग कमीच करत नाही. गोलाई घट्ट केली की त्याला वेग कमी करावाच लागतो. चौकात ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा असेल तर तिथली ओलांडणी सगळ्यात आधी उंच करून घ्या.

खांबांबद्दल थोडं सांगतो, कारण यावर सोसायट्यांमध्ये भांडणं होतात. स्कूटरवाले मार्गावर घुसतात म्हणून खांब लावा, अशी मागणी हमखास येते. दोन खांबांत दीड मीटर अंतर ठेवा, चारचाकी अडते. पण सायकल जाईल तिथून स्कूटरही जाणार, हे मान्य करूनच पुढे चला. तिला अडवायला नागमोडी लोखंडी अडथळे लावले की व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकल आधी अडकते. आणि खांब उताराच्या अगदी तोंडाशी नको. मुलांची नजर गाडीवर हवी, तिथे ती खांब चुकवण्यात जाते.

आमच्या गल्लीत हे काम झालं ते असं. आम्ही चौघांनी एका रविवारी टेप आणि खडू घेऊन कोपऱ्यापासून दहा मीटरपर्यंत काय-काय नजर अडवतं ते टिपलं, आणि गाडीच्या चालकाच्या जागेवर बसून फोटो काढला. त्या फोटोत मार्ग दिसतच नव्हता, दिसत होता तो वाढदिवसाचा फ्लेक्स. पालिकेतल्या साहेबांना हाच फोटो दाखवला. फ्लेक्स आठवड्यात गेला, दोन गाड्यांची पार्किंगची जागा रद्द झाली, उंच ओलांडणी व्हायला मात्र पावसाळा उलटून गेला. तुम्ही दोन गोष्टी आधीच कागदावर घ्या. एक, उंचवट्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, त्याला वाट हवी आणि त्यावरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्याच हव्यात, चाकाच्या दिशेने उभ्या असल्या तर टायर अडकतो. दुसरं, पेव्हर ब्लॉक नको, काँक्रीट हवं. पाण्याच्या टँकरखाली ब्लॉक सहा महिन्यांत डुगडुगायला लागतात.

अर्जात रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) दोन मानकांचा उल्लेख करा: सायकल मार्गांसाठी आयआरसी 11-2015 आणि वेग कमी करण्याच्या उपायांसाठी आयआरसी 99-2018. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलंय. रस्त्याच्या रचनेत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकीच्या सुरात लिहू नका, नुसता उल्लेख पुरतो. पुण्यात असाल तर डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झालेल्या सायकल आराखड्याचाही हवाला द्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या जागेचा मंजूर नकाशा मागा. नकाशात असलेलं जागेवर नसेल तर बोलणं सोपं होतं.

हे सगळं होईपर्यंत मुलीला एकच गोष्ट शिकवा: गाडी थांबली आहे म्हणून जायचं नाही, चालकाचे डोळे आपल्याला दिसले तर जायचं. कान दिसत असेल तर पाय खाली टेकवायचा. पहिले दोन-तीन दिवस सकाळी तिच्या मागे सायकलवर जा आणि प्रत्येक गल्लीपाशी तिला मोठ्याने म्हणायला लावा, ‘डोळे’ की ‘कान’. माझ्या पुतणीला हे चार दिवसांत अंगवळणी पडलं. मोजमाप घेताना कुठे अडलात तर इथेच विचारा, आमच्या अर्जाचा मसुदा देतो.