दुबईत बसून रील, पण बघणारे कुठले? वाचकांचे प्रश्न

इन्फ्लुएन्सर म्हणून परदेशात बस्तान बसवण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक दुबईबद्दलचे आहेत. शेवटी लंडन आणि बालीही आहे.

माझं कोल्हापुरी पदार्थांचं यूट्यूब चॅनेल आहे. ४२ हजार सबस्क्रायबर, महिन्याला साधारण ३० हजार रुपये येतात. दुबईत राहून हेच व्हिडिओ टाकले तर डॉलरच्या हिशोबाने जास्त मिळतील, असं ओळखीचे सांगतात. खरं का?
– एक वाचक, कोल्हापूर

नाही. जाहिरातीचा दर ठरतो तो बघणारा कुठे बसलाय यावर, करणारा कुठे राहतो यावर नाही. तांबडा रस्सा तुम्ही दुबईतल्या पंधराव्या मजल्यावर उकळलात, पण बघणारी मंडळी सांगली-इचलकरंजीची असतील, तर व्हिडिओआधी जाहिरात इथल्याच मसाल्याची लागणार आणि दरही इथलाच पडणार. तुमचा वाटाही बदलत नाही. मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातींवर ५५ टक्के आणि शॉर्ट्सवर ४५ टक्के, दोन्हीकडे तेच.

उलट एका ठिकाणी पैसे कमी होतात आणि हे जाण्याआधी कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून होणाऱ्या कमाईवर यूट्यूब जून २०२१ पासून अमेरिकेचा कर कापतं. भारत-अमेरिका करार असल्यामुळे, डब्ल्यू-८बेन हा परदेशी माणसाने भरायचा अमेरिकी कराचा अर्ज नीट भरला असेल तर, तो १५ टक्के कापला जातो. अमिरातीचा अमेरिकेशी असा करारच नाही, त्यामुळे तिथले रहिवासी झालात की ३० टक्के. समजा महिन्याला १,००० डॉलर मिळतात आणि त्यातले २०० अमेरिकेतल्या मराठी घरांतून येतात. आज त्यातले ३० डॉलर जातात, तेव्हा ६० जातील. आणि हा अर्ज तुम्ही अजून भरलाच नसेल, तर आजच भरा. न भरणाऱ्याच्या जगभरातल्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. पॅन क्रमांक परदेशी करक्रमांकाच्या रकान्यात लिहायचा.

दुसरी अडचण ऍडसेन्सची, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या गूगलच्या खात्याची. खात्याचा देश बदलता येत नाही. नव्या देशातून नवं खातं उघडून ते चॅनेलला जोडायचं आणि जुनं बंद करायचं. जुन्या खात्यातली रक्कम आधी हातात येऊ द्या. १०० डॉलर ही पैसे निघण्याची मर्यादा आहे, तिच्याखाली रक्कम अडकलेली असताना घाई करू नका. नव्या खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. गंमत अशी, की अमिरातीत पोस्टमन दारात येत नाही. टपाल पी.ओ. बॉक्सवर येतं. इमारतीचा किंवा ऑफिसचा बॉक्स क्रमांक पत्त्यात घातला नाही, तर पिन कुठेतरी फिरत राहतो आणि पैसे थांबतात.

मग जायचंच नाही का? ब्रँडचे थेट पैसे हा वेगळा हिशोब आहे. दुबईतलं हॉटेल किंवा सोन्याची पेढी विचारते ती एकच गोष्ट: तुमचे अमिरातीतले प्रेक्षक किती टक्के? यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडियन्स पानावर आणि इन्स्टाच्या इनसाइट्समध्ये गेल्या ९० दिवसांचा देशवार आकडा बघा. शंभरात पाच-सातसुद्धा आखातातले नसतील, तर आधी कोल्हापुरातूनच आखातातल्या मराठी माणसाला उपयोगी असं काही सहा महिने करून बघा. तिथे मिळणाऱ्या मसाल्यांत पांढरा रस्सा कसा जमवायचा, हा विषय इथून करायला व्हिसा लागत नाही.

ट्रॅव्हल एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर या, दोन महिने रील करा, ब्रँडचं काम घ्या, कुणी विचारत नाही. हे चालतं का?
– एक वाचक, नाशिक

फिरल्याचे व्हिडिओ टाकणं वेगळं आणि जाहिरात करणं वेगळं. जाहिरातीसाठी अमिरातीच्या मीडिया कौन्सिलने जुलै २०२५ मध्ये 'ऍडव्हर्टायझर परमिट' जाहीर केलं. पैसे घेऊन केलेली जाहिरात असो की फुकट केलेली, दोन्हींना ते लागतं. म्हणजे 'बार्टर आहे, फक्त जेवण मिळालं' ही सबब चालत नाही. स्वतःच्याच व्यवसायाची किंवा स्वतःच्या वस्तूची जाहिरात मात्र यातून वगळली आहे.

रहिवाशांना हे परमिट एक वर्षाचं मिळतं आणि पहिली तीन वर्षं त्याला फी नाही. पण 'फुकट' शब्दावर भुलू नका. त्यासाठी आधी इलेक्ट्रॉनिक मीडियाचं काम दाखवणारं ट्रेड लायसन्स हवं, आणि त्याला पैसे पडतात. पाहुण्यांसाठी वेगळं, तीन महिन्यांचं परमिट आहे. त्याचा अर्ज स्वतः करता येत नाही, तिथल्या नोंदणीकृत जाहिरात एजन्सीमार्फत किंवा टॅलेंट एजन्सीमार्फतच (क्रिएटरना काम मिळवून देणारी कंपनी) करावा लागतो. परमिटचा क्रमांक अकाउंटवर ठळक दिसायला हवा आणि तुमच्या अकाउंटवरून दुसऱ्या कुणाला जाहिरात करू देता येत नाही. एजंटला इतकंच विचारा: परमिट कोणती एजन्सी काढून देणार? नाव सांगता आलं नाही, तर तो फक्त तिकीट विकतोय.

मी ८ लाख रुपये साठवले आहेत. फ्रीलान्स व्हिसा काढून वर्षभर दुबईत टिकता येईल?
– एक वाचक, पुणे

वर्षभर नाही. एकटे असाल तरी नाही. नुसतं घरात शिरायलाच किती लागतं बघा. वर्षाला ६०,००० दिरहॅमचा स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचं घर, धरू. दुबईत भाडं महिन्याला देत नाहीत. वर्षाचं भाडं एक, दोन, चार अशा पुढच्या तारखांच्या चेकांत देतात. चार चेक मान्य झाले तर पहिला १५,००० चा. विनाफर्निचर घराला ५ टक्के डिपॉझिट म्हणजे ३,००० (फर्निचरसह असेल तर १० टक्के). दलाली बहुतेक ५ टक्के आणि तिच्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे ३,१५०. वीज-पाण्याचं 'देवा'चं डिपॉझिट २,०००. करार 'इजारी'त नोंदवायचे दोनशेवर. झाले साडेतेवीस हजारांच्या आसपास. दिरहॅमला २४ रुपये धरले तर साडेपाच लाखांच्या वर, आणि अजून गादीसुद्धा घेतलेली नाही. शिवाय वीजबिलात दरमहा घरभाड्याच्या ५ टक्के महापालिकेचा आकार येत राहतो. एसीचं 'चिलर', म्हणजे इमारतीच्या गार हवेचा आकार, भाड्यात आहे की वेगळं, हे करारावर सही करण्याआधी विचारा. उन्हाळ्यात तो फरक चांगलाच जाणवतो.

चेकबुक मिळायला बँक खातं लागतं, खात्याला एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र लागतं आणि आयडीला व्हिसा. म्हणून पहिले एक-दोन महिने बहुतेक जण शेअरिंगमध्ये काढतात. तिथेही तुमचं नाव घराच्या नोंदीत सहरहिवासी म्हणून चढवून घ्या. प्लायवूड मारून पाडलेल्या 'पार्टिशन'मध्ये राहू नका. ती बेकायदा आहेत, महापालिका आली की त्याच दिवशी सामान बाहेर.

फ्रीलान्सचा परवाना कुठल्या फ्री झोनचा (स्वतःचे परवाने देणारं खास व्यापारक्षेत्र) घेताय त्यावर खर्च ठरतो. दुबई मीडिया सिटीच्या गोफ्रीलान्सचं परमिट वर्षाला ७,५०० दिरहॅमचं. त्यावर एस्टॅब्लिशमेंट कार्ड, व्हिसा, रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, आयडी, आरोग्य विमा हे सगळं वेगळं. शारजा, फुजैरातले झोन स्वस्तातली पॅकेजं देतात. पण स्वस्त पॅकेज घेताना परवान्यावर कोणतं काम लिहिलंय ते वाचा. 'मार्केटिंग कन्सल्टन्सी' लिहिलं असेल आणि तुम्हाला जाहिराती करायच्या असतील, तर मीडिया कौन्सिलच्या परमिटला अडकाल आणि दुरुस्तीचे पैसे पुन्हा भराल.

आमचा हिशोब असा: वर्षाच्या भाड्याइतकी रक्कम हाती, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि निदान दोन ब्रँडशी लेखी बोलणं झालेलं. तोवर ८ लाखांतून १५ दिवसांची फेरी करा. जानेवारी २०२५ मध्ये एमिरेट्स टॉवर्समध्ये सुरू झालेलं 'क्रिएटर्स एचक्यू' हे क्रिएटरसाठीचं केंद्र बघून या. चांगल्या क्रिएटरना दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी तिथून मदत होते. पण तो पुढच्या पायरीचा विषय आहे.

दुबईतली एक टॅलेंट एजन्सी व्हिसा आणि घर देते म्हणते. करारात काय बघू?
– एक वाचक, ठाणे

पहिलं, अकाउंट कोणाचं. लॉगिनचा ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचेच राहिले पाहिजेत. एजन्सीला इन्स्टा-फेसबुकच्या बिझनेस सूटमधून भागीदाराचा प्रवेश द्या, पासवर्ड नाही. दुसरं, भारतातल्या जुन्या ब्रँडचे पैसेही त्यांच्या टक्क्यांत धरलेत का. 'जगभरातील सर्व उत्पन्न' असे शब्द दिसले तर खोडून घ्या. तिसरं, करार मोडला तर व्हिसाचा खर्च तुमच्याकडून वसूल करू असं कलम असतं. नोकरीचा करार असेल तर तिथल्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही, आणि पासपोर्ट ताब्यात घेणंही बेकायदा आहे. म्हणून विचारा, हा नोकरीचा करार की एजन्सीचा? दोन्हीचं मिश्रण असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. 'ब्रँड ट्रिप'चं तिकीट आधी आणि करार तिथे गेल्यावर, असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

तिथे रस्त्यावर व्हिडिओ काढताना काय जपावं?
– एक वाचक, पणजी

चेहरे. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढून टाकणं हा तिथे सायबर कायद्याखालचा गुन्हा आहे. निदान सहा महिने कैद किंवा १.५ ते ५ लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही. समजा बर दुबईतल्या मीना बाजारात वडापावच्या दुकानाचं रील करायचंय. आधी मॅनेजरला व्हॉट्सऍपवर लिहून विचारा आणि त्याचा होकार जपून ठेवा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून तळणीवर आणि हातांवर रोखा, रांगेतल्या गिऱ्हाइकांची पाठ येईल असे उभे राहा. वेटर हसून बघत असला तरी त्याचा होकार वेगळा घ्या. अपघात, पोलिस, विमानतळाची सुरक्षा, सरकारी इमारती, यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन परवानगीशिवाय नाहीच. मॉलमध्ये ट्रायपॉड उभा केला की सुरक्षारक्षक आलाच म्हणून समजा.

हवेचाही त्रास आहे. जून ते सप्टेंबर एसीतून बाहेर पडताच लेन्सवर वाफ धरते. फोन पंधरा-वीस मिनिटं झिपच्या पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, पुसत बसू नका. चार्जिंग चालू ठेवून उन्हात शूट केलं तर फोन तापून बंद पडतो.

आणि एक. गावाकडच्या आजारी मुलासाठी क्यूआर कोड टाकणं आपल्याला पुण्याचं वाटतं. तिथे परवान्याशिवाय देणगी मागणं हा गुन्हा आहे.

दुबईला गेलो की भारतात कर नाही ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दिवस मोजा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. ३० सप्टेंबरपर्यंत भारतात राहिलात की १८३ दिवस होतात आणि मर्यादा १८२ ची आहे; ती भरली की करासाठी त्या वर्षी तुम्ही भारताचे 'निवासी'. म्हणजे डिसेंबरात गेलात तर त्या पूर्ण वर्षाची जगभरची कमाई इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते. पुढच्या वर्षांतही भारतीय ब्रँडचं इथलं उत्पन्न इथे करपात्र राहतं. ते १५ लाखांच्या वर गेलं आणि दुसऱ्या कुठल्याही देशात तुम्ही करदाते नसाल, तर भारतीय नागरिकाला कायदा 'निवासी' धरू शकतो. गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचं, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

तिथे वैयक्तिक आयकर नाही, पण व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीची वर्षाची उलाढाल १० लाख दिरहॅमच्या वर गेली की कॉर्पोरेट करासाठी नोंदणी आहे. ३,७५,००० च्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. व्हॅटच्या नोंदणीची मर्यादाही ३,७५,००० च, फक्त ती उलाढालीवर. दोन्हींची गल्लत करू नका. पैसे लावून खेळायच्या ऍपची जाहिरात तिथे बसून करू, हा विचारही सोडा. प्रेक्षक इथले असतील तर भारताचा २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा अशा जाहिरातींना बंदी घालतो.

मुलगी लंडनला एमए करतेय. तिला कपड्यांच्या ब्रँडकडून कोलॅब, म्हणजे जाहिरातीची कामं, येतात. घेऊ द्यावेत का?
– एक पालक, रत्नागिरी

नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी चालते, पण स्वयंरोजगाराला मनाई आहे. कोलॅब हा स्वयंरोजगारच. पैशांऐवजी कपडे मिळाले तरी तो मोबदलाच, म्हणून त्या वाटेलाही जायला नको. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार करता येतो. तोवर बिनपैशाचं, बिनब्रँडचं अकाउंट वाढवू दे.

दुबई महाग वाटते. बाली किंवा थायलंड?
– एक वाचक, मडगाव

बालीत टुरिस्ट व्हिसावर ब्रँडचं काम करणाऱ्यांना परत पाठवलं जातं. तिथल्या रिमोट वर्कर व्हिसाला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. थायलंडचा डीटीव्ही हा जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला व्हिसा जास्त आवाक्यातला आहे. पाच वर्षांचा, वय किमान २०, खात्यात ५ लाख बाथ, एका प्रवेशावर १८० दिवस. गिऱ्हाईक मात्र थायलंडबाहेरचं हवं, फुकेतच्या हॉटेलची जाहिरात त्यावर चालत नाही. आणि एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तिथले करनिवासी ठरता, तेव्हा परतीचं तिकीट काढताना दिवस बोटांवर नाही, पासपोर्टच्या शिक्क्यांवरून मोजा.