बँकेत चार नॉमिनी लावता येतात, मग मृत्युपत्र करायची गरज आहे का?

हो, गरज आहेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात हे खरंय, ठेवींसाठी टक्केवारीने वाटून, म्हणजे बायकोला ४०, दोन मुलांना ३०-३० असं, बेरीज १०० व्हायला पाहिजे. किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला नॉमिनी हयात नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. पण लोक इथेच गल्लत करतात, नॉमिनी म्हणजे मालक नाही हो! बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण खरा हक्क वारसांचाच राहतो, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलंय. सख्खी भावंडं यावरून कोर्टात जातात, म्हणून कळकळीने सांगतो, मृत्युपत्र कराच. साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं.

टॅक्सचं म्हणाल तर वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाहीच. पण वडिलांचं घर मिळालं आणि विकलं तर कॅपिटल गेन टॅक्स, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरचा कर, लागतो. त्यात खरेदीची किंमत वडिलांचीच धरतात. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यातला जो कमी बसेल तो टॅक्स, त्यामुळे दोन्ही हिशोब सीएकडून मांडून घ्या आणि जुनं खरेदीखत आत्ताच शोधून ठेवा.